वाचनीय पत्ता आणि देवनागरी अक्षर

आशय-व्यवस्थापन प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळांतील प्रत्येक लेखाचा पत्ता 'वाचनीय' असावा, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. क्रमांक आणि प्रश्नचिन्ह ह्यांनी बनलेल्या पत्त्यापेक्षा लेखाच्या शीर्षकावरून सिद्ध झालेला पत्ता अधिक बोलका असतो, ह्याविषयी वाद नाही. परंतु वाचनीय म्हणजे कोणास वाचता येणारा, आणि कोणत्या लिपीत, हा प्रश्न ह्या तत्त्वाच्या पुरस्कर्त्यांनी क्वचितच विचारला आहे. हे तत्त्व मराठीस लागू केले असता त्याचे काय होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ह्या व्यवस्थेचे कार्य कसे चालते ते पाहिले पाहिजे. शीर्षकावरून तयार होणाऱ्या पत्त्याच्या अंशास 'स्लग' म्हणतात. हा शब्द इंग्रजी छापखान्यातून आलेला आहे. तेथे शिशाच्या ओतीव ओळीस हे नाव होते. पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत बातमीच्या कामचलाऊ नावासही तेच नाव मिळाले. म्हणजे स्लग हे मुळात घरगुती, तात्पुरते नाव होय. वाचकाने पत्ता उघडला की प्रणालीजवळ असलेल्या नियमांच्या यादीशी तो ताडून पाहिला जातो आणि त्यावरून डेटाबेसमधील नेमका लेख शोधला जातो. वर्डप्रेसमध्ये ह्या नियमांस पुनर्लेखनाचे नियम म्हणतात. व्याकरणाच्या अभ्यासकास ही परिभाषा परकी वाटू नये. चॉम्स्कीने १९५७ मध्ये वाक्यरचनेसाठी जे नियम मांडले, त्यांचेही नाव हेच आहे. फरक इतकाच की पाणिनीच्या व्यवस्थेत तुल्यबल नियमांचा विरोध आल्यास नंतरचा नियम बलवान ठरतो, तर वर्डप्रेसच्या यादीत जो नियम प्रथम जुळेल तोच चालतो. त्यामुळे सामान्य नियम विशेष नियमाच्या आधी आला, तर विशेष नियमाची पाळीच येत नाही.

पत्ता आणि आशय ह्यांचा संबंध कसा मानावा, ह्याविषयी तीन प्रमुख प्रणालींची भूमिका भिन्न आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रूपलमध्ये लेखाची ओळख क्रमांकाने ठरते आणि वाचनीय पत्ता हे केवळ त्याचे उपनाम असते. एकाच लेखास भाषेगणिक निराळे उपनाम देता येते, आणि उपनाम बदलले तरी क्रमांकाचा मूळ मार्ग शाबूत राहतो. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसमध्येही क्रमांक आहे. पण वाचनीय पत्त्याची पद्धत स्वीकारली की शोध स्लगवरूनच होतो. लेखाचा स्लग बदलल्यास जुना स्लग नोंदवून ठेवून वाचकास नव्या पत्त्यावर पाठविले जाते. मात्र श्रेणीबद्ध पानांना हे संरक्षण नाही. विकिपीडियाच्या मीडियाविकीत तर शीर्षक हाच पत्ता होय. शीर्षक बदलले की जुन्या जागी पुनर्निर्देशन ठेवण्याची प्रथा आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास येथे नामाच्या दोन कार्यांचा संकर झाला आहे. नाम वस्तूचा निर्देश करते, आणि कधीकधी तिचे वर्णनही करते. निर्देश टिकावा लागतो, वर्णन मात्र सुधारावे लागते. टिम बर्नर्स-ली ह्याने १९९८ मध्येच, चांगला पत्ता बदलत नाही, असे प्रतिपादन केले होते आणि पत्त्यात विषयाचे वर्गीकरण घालण्यातील धोका दाखविला होता. वाचनीयतेच्या उत्साहात ह्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. ड्रूपलची रचना तत्त्वतः अधिक निर्दोष आहे, कारण तिने निर्देश आणि वर्णन ह्यांची फारकत केली आहे.

आता देवनागरीकडे वळू. पत्त्याच्या मानकात, म्हणजे २००५ च्या आरएफसी ३९८६ ह्या दस्तऐवजात, केवळ मर्यादित रोमन चिन्हांस मुभा आहे. अन्य लिपीतील प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन अंक-अक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहावा लागतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो वा मात्रा, तीन बाइट घेते. अर्थात एका चिन्हास पत्त्यात नऊ जागा लागतात. वर्डप्रेसने स्लगची मर्यादा अशा २०० जागांची ठेवली आहे. तीत देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे मावतात.

ही मर्यादा केवळ तांत्रिक नव्हे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'मराठी भाषेचा उगम आणि विकास' हे शीर्षक घ्या. त्यात २२ चिन्हे आणि शब्दांमधील चार अवकाश आहेत. म्हणून एकूण २०२ जागा लागतात. प्रणाली शेवटचे चिन्ह गाळते, आणि पत्ता 'मराठी-भाषेचा-उगम-आणि-विका' असा होतो. विकासाच्या ठिकाणी विक्रीची आज्ञा आली. इंग्रजी शीर्षकास ह्याच मर्यादेत २०० अक्षरे मिळतात. मर्यादा सर्वांस सारखी, पण तिचे ओझे सारखे नाही. मीडियाविकीची मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि ती टक्केचिन्हांत मोजली जात नाही. म्हणून तेथे ८५ चिन्हे मावतात. ह्यावरून असे दिसते की दोष लिपीचा नसून मोजणीच्या मापाचा आहे.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. जँगो ही पायथन भाषेतील व्यवस्था कॅन्सास राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली, आणि अनेक आशय-प्रणाल्या तिच्यावर उभ्या आहेत. तिचे स्लग करणारे कार्य मूळ स्थितीत रोमनेतर अक्षरे सरसकट गाळते. मराठी शीर्षकाचा स्लग तेथे रिकामाच राहतो. युनिकोडची मुभा दिली तरी अडचण सरत नाही, कारण पायथनच्या व्याख्येनुसार मात्रा आणि हलन्तचिन्ह ही 'शब्दघटक' मानली जात नाहीत. परिणामी 'मराठी' चे 'मरठ' होते, आणि 'दिशा' व 'दशा' हे दोन्ही शब्द 'दश' ह्या एकाच रूपात विलीन होतात. स्वर हा अक्षराचा प्राण असतो, ही आपल्या व्याकरणपरंपरेची प्राथमिक शिकवण; तिच्या नेमके विरुद्ध ही योजना आहे.

ह्यावर उपाय म्हणून रोमन लिप्यंतराचा आश्रय घेतला जातो. शॉन बर्क ह्याने २००१ मध्ये पर्ल भाषेसाठी सिद्ध केलेले युनिडिकोड आणि त्याची अन्य भाषांतील रूपे ह्या कामी वापरली जातात. ह्यात प्रत्येक चिन्हासाठी एक ठरावीक रोमन पर्याय असतो. शेजारच्या चिन्हाचा विचार नसतो. म्हणून व्यंजनातील अंतर्भूत 'अ' लिहिलाच जात नाही, आणि 'नमस्ते' चे 'न्म्स्ते' असे वाचावे लागणारे रूप तयार होते. मराठी वाचकास हे रोमन रूप वाचता येत नाही आणि इंग्रजी वाचकास त्याचा अर्थ कळत नाही. हा पत्ता कोणासाठी वाचनीय, हे सांगणे कठीण आहे.

तिसरी अडचण खास मराठीची आहे. 'दऱ्या' ह्या शब्दातील अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' ह्या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखी दिसली तरी संगणकास ती भिन्न आहेत आणि मानकातील समरूपतेचा नियमही त्यांना एक मानत नाही. ज्या व्यवस्थेत स्वच्छतेच्या नावाखाली अदृश्य चिन्हे गाळली जातात, तेथे दुसऱ्या प्रकारच्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. दऱ्यांचा समुद्र व्हावयास एक न दिसणारे चिन्ह पुरेसे आहे.

ह्या सर्वांचा परिणाम संशोधनावर होतो, म्हणून हा विषय ह्या पत्रिकेच्या कक्षेतला आहे. प्रबंधात दिलेला संदर्भपत्ता ब्राउझरमधून नकलला की तो बहुधा टक्केचिन्हांच्या लांबच लांब मालिकेत उतरतो. छपाईत तो तुटतो आणि वाचणाऱ्यास ताडून पाहता येत नाही. ह्या त्रासास कंटाळून मराठी संपादक इंग्रजी स्लग लिहू लागतो. लेख मराठी, शीर्षक मराठी, पण लेखाचे नाव इंग्रजी, अशी विसंगती हळूहळू प्रथा होऊन बसते.

म्हणून माझे मत असे की मराठी संकेतस्थळाने वाचनीयतेचे तत्त्व सोडू नये, पण त्यावर ओळखीचा भार टाकू नये. पत्त्यात आधी लेखाचा क्रमांक असावा आणि त्यामागे देवनागरी शीर्षक शोभेसाठी व बोधासाठी यावे. लेख क्रमांकावरून मिळावा, शीर्षक चुकले वा तुटले तरी वाचक अडू नये. संदर्भ देताना केवळ क्रमांकापर्यंतचा आखूड पत्ता छापावा. स्लग करणाऱ्या कार्यात मात्रा व हलन्त राखले जावेत, अर्ध्या रकाराची दोन्ही रूपे एक मानली जावीत, आणि लांबी कापावयाची झाल्यास ती शब्दाच्या सीमेवर कापावी. यांपैकी एकही सुधारणा दुष्कर नाही. त्यांचे नियम निश्चित करावयाचे झाल्यास मात्र लिपी जाणणाऱ्या माणसाची गरज लागते. आणि ते काम भाषाशास्त्राच्या विभागांनी तंत्रज्ञांवर सोडून देण्याचे कारण नाही.