विशेषणांवाचून सांगितलेली अडचण

अमेरिकेतल्या हजाराहून अधिक महाविद्यालयांना चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ या प्रवेशअर्जात मुख्य निबंधाला 650 शब्द मिळतात. चर्चा त्याचीच होते, शिकवण्याही त्याच्याच चालतात. मला मात्र त्याच अर्जातला 250 शब्दांचा एक ऐच्छिक रकाना जास्त मोलाचा वाटतो. 2020 मध्ये कोविडची झळ सांगता यावी म्हणून तो आला; आज तिथे घरातलं आजारपण, बेकारी, स्थलांतर अशी कुठलीही अडचण मांडता येते. तिथलं उत्तम लेखन कसं असतं, हे दाखवण्यासाठी मी एका मुलीच्या तोंडी एक नमुना रचला आहे :

“अकरावीच्या जानेवारीत बाबांची नोकरी गेली. आई रात्रपाळी करू लागली. धाकट्या भावाला शाळेतून आणणं, जेवू घालणं, झोपवणं माझ्याकडे आलं. त्या सत्रात रसायनशास्त्रात मला ‘सी’ मिळाला. मी वादविवाद मंडळ सोडलं. ऑगस्टमध्ये बाबांना काम मिळालं. यंदा भौतिकशास्त्रात ‘ए’ आहे.”

वाक्यं सात, पण दुःखाला एकही विशेषण नाही. ‘आणणं, जेवू घालणं, झोपवणं’ या तीन क्रियापदांत शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंतचा सगळा वेळ संपतो. अभ्यासाला वेळ उरला नाही, हे मुलगी सांगत नाही. ते आपल्याला कळतं. भावाला झोपवणं आणि ‘सी’ यांच्यामध्ये ‘म्हणून’ हा शब्द तिने येऊ दिलेला नाही. तो आला असता तर सबबीचा सूर लागला असता. कार्यकारणभाव जुळवण्याचं काम वाचकाकडे सोपवल्यामुळे त्याचा विश्वास बसतो.

वादविवाद मंडळाचं वाक्य अवघ्या चार शब्दांचं आहे आणि तेच सर्वांत जास्त लागतं. इथे तिने स्वतःचं काही गमावलं आहे. याच अर्जाच्या उपक्रमांच्या यादीत, प्रत्येकी 150 अक्षरांच्या दहा नोंदींमध्ये, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असाही प्रकार आहे. मंडळाची जागा रिकामी झाली, तिथे भावाचा सांभाळ मानाने लिहिता येतो.

जानेवारी आणि ऑगस्ट हे दोन महिने संकटाला सुरुवात आणि शेवट देतात. गुणपत्रक समोर ठेवून वाचणाऱ्याला घसरण कुठे झाली आणि सावरणं कुठे झालं, हे ताडून पाहता येतं.

काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचं जीवित म्हटलं. या सात वाक्यांचं बळही औचित्यातच आहे. करुणेची मागणी न करता ती करुण होतात.

परदेशी अर्ज भरणाऱ्या मराठी मुलांना घरची अडचण परक्यापुढे मांडणं कमीपणाचं वाटतं. त्यांनी संकोच करू नये. आणि त्यांचा पहिला खर्डा वाचणाऱ्या पालक-शिक्षकांनी त्यात अश्रू घालू नयेत. केव्हा, काय झालं आणि तू काय केलंस, एवढंच विचारावं.