चुकलेला दात गोड नसतो: आंधळगावच्या करवती काठाविषयी

हाताने घडवलेल्या कलेवर बोलायचं म्हटलं की आम्हा समीक्षकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: हाताच्या कामात एक गोड चूक असते, यंत्राच्या कामात ती नसते. आज याच वाक्याची झडती घेऊ. त्यासाठी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, आंधळगावला जाऊ. तिथे हातमागावर कोशाची करवतकाठी साडी विणली जाते.

आधी साडी नीट बघू. कोसा म्हणजे टसर. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर, उघड्यावर वाढणाऱ्या अळीचं रेशीम. मूळ रंग मधासारखा, धागा कुठे जाड तर कुठे बारीक. काठ मात्र ठसठशीत, वेगळ्या रंगाचा, आणि त्याची आतली कड करवतीच्या दातांसारखी. कुणाला त्यात देवळांच्या शिखरांची रांग दिसते. अंग मवाळ आणि काठ धारदार. या साडीचं सौंदर्य आम्हाला या विरोधात दिसतं.

हे दात होतात कसे? तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला परत फिरतात. भेटीची ही जागा पायरी-पायरीने सरकत जाते, तेव्हा कुठे एक दात उभा राहतो. म्हणजे विणकराचं लक्ष दर फेऱ्याला दोन्ही काठांवर हवं.

आता आमचं ते वाक्य. त्याचं मूळ शोधत गेलो तर रस्किन भेटतो. 1853 साली ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या दुसऱ्या खंडात त्याने गॉथिक कारागिराच्या ओबडधोबडपणात त्याचं स्वातंत्र्य पाहिलं. माणसाला यंत्राचा भाग करून टाकणाऱ्या कारखान्यावर त्याचा राग होता, आणि तो रास्तच होता. पण आपण त्यातला राग सोडला आणि चुकीचं कौतुक तेवढं ठेवलं. मागावर बसलेल्या माणसाला चुकलेला दात गोड वाटत नाही हो! दिसला तर तो धागे उकलतो आणि पुन्हा भरतो. धाग्याचा जाड-बारीकपणा अळीचा. तो त्याला चालतो. दाताची चूक त्याची स्वतःची. ती चालत नाही. हा फरक त्याला कळतो. आम्ही दोन्हींना एकाच मापाने ‘हाताचा स्पर्श’ म्हणून मोकळे होतो.

याच साडीत हाताचं आणखी एक काम आहे, ते मागाच्या आधीचं. कोसा उकडून बायका उघड्या मांडीवर धागा वळत आल्या आहेत. तेही हातचंच काम की! पण त्याने कातडी सोलवटते आणि मजुरी तुटपुंजी मिळते. ही पद्धत थांबावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ हे धागा काढण्याचं यंत्र पुढे आणलं. ते आलं म्हणून कला बुडाली असं आम्ही म्हणणार नाही. मांडीवरच्या त्या कामात शरीर झिजतं, दाताच्या कामात माणूस ठरवतो. पहिलं यंत्राला खुशाल द्यावं. दुसरं गेलं तर काठावर नुसतं दातांचं चित्र उरेल.

आणि तसं चित्र बाजारात येतंच. यंत्रमागावर दात नक्षी म्हणून उमटवता येतात, आणि लांबून फरक कळत नाही. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालंय, चांगलंच झालं. पण मानांकन नाव राखतं. दाताला लागलेला वेळ गिऱ्हाइकाला कुणीतरी समजावून सांगावा लागतो. ते काम समीक्षेचं आहे, आणि ते आम्ही टाळलं. ‘सुंदर, अस्सल, मातीतली’ एवढं बोलून थांबलो. अशा कौतुकाने दर वाढत नाही. उलट, चूकच गोड ठरली तर बिनचूक दातासाठी जास्त पैसे का मोजायचे, असं गिऱ्हाईक विचारणारच.

तेव्हा पुढच्या वेळी करवतकाठी हातात आली तर काठ उलटा करून बघा. दोन रंगांचे धागे दाताच्या कडेवर एकमेकांत अडकून परत फिरलेत का, ते शोधा. मग किंमत विचारा. इथेच थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.