ख्रिस्ती मराठीतील ईश्वरनिष्ठा : ‘करार’, ‘ब्रीद’ आणि ‘तारण’

परमेश्वर दिलेल्या शब्दास जागतो, आणि मनुष्याची पात्रता न पाहता त्यास तारतो, ही ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यवर्ती कल्पना होय. ती मराठीत आणताना जे शब्द स्वीकारले गेले, त्यांनी काय साधले व त्यांतून काय निसटले, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. तो भाषेचाही आहे.

प्रथम मुळाकडे पाहावे. हिब्रूत ईश्वराच्या निष्ठेस ‘एमूना’ असे म्हणतात. ‘स्थिर असणे, भरवशाचे असणे’ हा त्यातील धातूचा अर्थ. ‘आमेन’ हा शब्द याच धातूचा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनेच्या शेवटी जो शब्द उच्चारला जातो, त्यात ईश्वराच्या अढळपणाची ग्वाही अशी दडलेली आहे. दुसरा शब्द ‘हेसेद’. संबंध पाळणारे, वचनाने बांधलेले प्रेम, असा त्याचा आशय. ग्रीक व लॅटिन भाषांतरांत मात्र त्याच्या जागी बहुधा करुणावाचक शब्द आले. साष्टी बेटावर पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्म आला तो लॅटिन उपासनेसह. त्यामुळे तेथे दया पुढे आली आणि वचनबद्धता काहीशी मागे राहिली.

ही उणीव काव्यरचनेने कशी भरून निघते, हे फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त दिसते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. रायतूर हेही साष्टीतच. पण ती गोव्याची साष्टी. दोन्ही साष्टी सहासष्ट गावांवरून नाव पावल्या, असे मानतात. या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. एकात आश्वासन, दुसऱ्यात त्याची पूर्तता. ईश्वराची निष्ठा येथे एखाद्या शब्दात शोधावी लागत नाही. ती ग्रंथाच्या बांधणीतच प्रकट होते. स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच घेतला याची चर्चा नेहमी होते. त्याहून ही रचना अधिक मोलाची आहे.

पुढे मराठी बायबलात ‘करार’ हा शब्द रूढ झाला. तो अरबी मुळाचा व दफ्तरातला. वास्तविक मराठी भक्तिपरंपरेत याच्या शेजारचा एक समर्थ शब्द होता : ‘ब्रीद’. पतितांस पावन करणे हे देवाचे ब्रीद. संत त्या ब्रीदाची त्याला आठवण देतात, प्रसंगी त्याच्याशी भांडतात. मग तो शब्द ख्रिस्ती परिभाषेत का रुजला नाही? ब्रीद हे देवाच्या स्वभावात असते. ते केव्हा, कोणाशी ठरले, हे विचारण्याचे कारण नाही. करार मात्र इतिहासात घडतो. त्याला दोन पक्ष असतात, आणि एका पक्षाने तो मोडला तरी दुसऱ्याने पाळला, यातच बायबलमधील निष्ठेचे नाट्य आहे. या दृष्टीने ‘करार’ हा रुक्ष शब्दच अर्थाला अधिक जवळचा ठरतो. उलट त्यात ब्रीदाची जवळीक नाही, हेही खरे. ती जवळीक ‘कृपा’ या शब्दाने आणली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या ना. वा. टिळकांना (१८६१–१९१९) या दोहोंची सांगड साधली, ती यामुळेच.

‘तारण’ हा शब्द सर्वांत बोलका. बाजारात त्याचा अर्थ कर्जासाठी ठेवलेली वस्तू; धर्मात उद्धार. दुसऱ्याचे ऋण फेडण्यासाठी ख्रिस्ताने स्वतःस वाहिले, या शिकवणीमुळे हे दोन अर्थ अनायासे एकत्र येतात. परंतु वर्सोव्यासारख्या दर्याकाठच्या गावी त्याचा तिसरा पदर उलगडतो. तरणे, तारक, तारू ही एकाच कुळातील रूपे आहेत. जेथे तारवाचे परतणे ही घरादाराची चिंता असते, तेथे ‘तारणारा’ हे निव्वळ रूपक राहत नाही.

‘विश्वासू’ या शब्दाविषयी मात्र आक्षेप घेता येईल. मराठीत विश्वासू असतो तो चाकर. धन्यास ते विशेषण लावीत नाहीत. तेव्हा ‘देव विश्वासू आहे’ हे वाक्य कानास खटकते. तरीही ज्या श्रद्धेत देवानेच दासाचे रूप घेतले, तिच्यात हे खटकणे अर्थपूर्ण होते. शब्द चुकीचा नाही. त्याला नवा धनी मिळाला आहे.

१७३९ मध्ये वर्सोवे मराठ्यांच्या ताब्यात आले आणि तेथील ख्रिस्ती लोकांचा राजाश्रय संपला, श्रद्धा टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वेदीवरची लॅटिनही मागे पडून लोकभाषांना स्थान मिळाले. राजसत्ता गेली, उपासनेची भाषा बदलली. तरी देव दिलेला शब्द पाळतो हा भरवसा ज्या शब्दांवर तोलला गेला, ते दफ्तर, बाजार व दर्या यांतून आलेले मराठी शब्द होत. या शब्दांची परीक्षा कोशात पुरी होणार नाही. वापरणाऱ्यांच्या तोंडी ते किती भार सोसतात, यावरच त्यांचे मोल ठरेल.