शिकविणारा खेळगडी आणि हसविणारा खेळगडी

मे महिन्यातील एका रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या चर्चच्या ओसरीत वेदीसेवकांचे भांडण जुंपले. जळगावचा मे म्हणजे काय, ते वाचकांस सांगणे नको. सकाळी दहालाच ऊन अंगावर येते आणि मुलांना घराची ओढ लागते. त्या दिवशी मात्र कोणी जागचे हलेना. वाद धर्मशिक्षणाच्या परीक्षेचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. मोबाईलवर दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ गेम पाहावयाचा, तर तो 'शिकविणाऱ्या'चा पाहावा की 'हसविणाऱ्या'चा, असा तो प्रश्न होता. निवाड्यासाठी मुले आमच्याकडे आली. ज्या विषयाचा गंधही नाही त्यावर निवाडा देण्याची खोड आम्हां धर्मगुरूंस असतेच. आम्ही तत्काळ सांगून टाकले, "शिकविणाऱ्याचा पाहा." मुले गप्प झाली, पटले मात्र एकासही नाही. पुढे सुट्टीभर त्यांच्या शेजारी बसून आम्ही या चित्रफिती पाहिल्या, आणि आपला निवाडा घाईचा होता असे आमचे मत झाले. ते का झाले, हे येथे मांडावयाचे आहे.

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. एखादा तरुण संगणकावर वा मोबाईलवर गेम खेळतो, खेळता खेळता बोलतो आणि ते सारे ध्वनिचित्रमुद्रित करून यूट्यूबवर ठेवतो. लाखो मुले ते पाहतात. "स्वतः न खेळता दुसऱ्याचा खेळ काय पाहावयाचा?" असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील पालक विचारतात. पण ज्यांनी रेडिओला कान लावून कसोटी सामने ऐकले, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. आम्ही धुळ्यास असताना यात्रेच्या दिवसांत कुस्त्यांचा फड पाहण्यास जात असू. तेथे ध्वनिक्षेपकावर बोलणारा निवेदक ढाक कोणता, कलाजंग कोणता हे नवख्यास समजावून सांगे, आणि त्याच दमात एखाद्या मल्लाच्या पोटाच्या घेरावरून साऱ्या फडास हसवी. एकच मुख दोन्ही कामे करी. कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान येते. तेथे श्रोता बोध घेतो आणि हसतोही, व त्यासाठी त्यास दोन कीर्तनकार लागत नाहीत. आजच्या या चित्रफितींत मात्र कामाची वाटणी झाली आहे. शिकविणारा निराळा आणि हसविणारा निराळा. मुलांचे पक्षही त्याप्रमाणेच पडले आहेत.

प्रथम शिकविणाऱ्याकडे वळू. 'माइनक्राफ्ट' हा खेळ पालकांनी घरी पाहिला असेल. चौकोनी ठोकळ्यांचे जग असते. त्यात लाकूड तोडावे, दगड फोडावा, रात्र पडण्यापूर्वी निवारा उभारावा आणि जमिनीच्या पोटातून हिरे काढावे. स्वीडनमधील एका लहान कंपनीने तो केला आणि २०११ साली तो पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील हिरे कोठे शोधावे हे सांगणारी एक चित्रफीत मुलांनी आम्हांस दाखविली. निवेदकाची भाषा नेटकी होती, एक शब्द वावगा नव्हता. इतक्या खोलीवर जा, आडवा बोगदा खणा, सरळ पायाखाली कधी खणू नका, जवळ पाण्याची बादली ठेवा, कारण खाली तप्त लाव्हारस असतो. सेमिनरीत आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी इतक्या क्रमाने शिकविले असते, तर आमचे गुण वाढले असते. असे निवेदन ऐकून ऐकून मुलांस कार्यकारणाचा क्रम कळतो, हे आम्ही मान्य करतो. एका मुलाने त्यावरून वहीत आकृती काढली होती. त्याच्या गणिताच्या वहीत एवढी स्वच्छ आकृती आढळणार नाही.

परंतु दोन गोष्टी आम्हांस खटकल्या. पहिली अशी की हे ज्ञान फार लवकर शिळे होते. पूर्वी या खेळात अकराव्या-बाराव्या पातळीवर हिरे शोधावे असा पाठ होता. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी खेळाची नवी आवृत्ती आली, जमिनीची रचना बदलली आणि हिरे शून्याच्याही खाली, उणे एकोणसाठच्या आसपास अधिक सापडू लागले. जुन्या शेकडो चित्रफिती एका दिवसात रद्दीत गेल्या. त्याच सुमाराची, हिरे हाती येताच लाव्हारसात पडून सर्वस्व गमावणाऱ्या एका खेळाडूची विनोदी चित्रफीत मात्र मुले आजही पाहतात आणि हसतात. मनुष्याचा लोभ आणि त्याची फजिती कोणत्याही आवृत्तीत बदलत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शिकविणारा आपले अपयश कापून टाकतो. चौदा वेळा जमले नाही आणि पंधराव्या वेळी जमले, तर आपण पाहतो ती पंधरावी वेळ. त्यात खोटे काही नसते, पण पाहणाऱ्या मुलाच्या मनात एक असत्य रुजते, की ज्यास येते त्यास ते पहिल्याच प्रयत्नात येते. मग स्वतः खेळताना तीनदा हरला की तो मोबाईल आपटतो. प्रवचनातून केवळ संतांचे विजय सांगणारे आम्ही धर्मगुरूही यातून सुटत नाही.

आता हसविणारा. आमच्या मुलांचा लाडका म्हणजे मुंबईचे मिथिलेश पाटणकर, 'मिथपॅट' या नावाने प्रसिद्ध असलेले. निवेदन हिंदीत, पण नाव आणि वळण ओळखीचे, त्यामुळे आमच्या मुलांस तो शेजारच्या गल्लीतला दादा वाटतो. त्यांच्या चित्रफितींत खेळातील पात्रास नावे ठेवली जातात, त्यांच्याशी संवाद होतो, क्षुल्लक प्रसंगाचे मोठे नाट्य होते. खेळ पुढे गेला काय, न गेला काय, कोणास पर्वा नाही. प्रथम हे सारे आम्हांस पोरकट वाटले. चौथ्या-पाचव्या चित्रफितीनंतर लक्षात आले की येथे वेळ साधण्याची कला आहे. कोठे थांबावे, चूक झाल्यावर किती क्षण गप्प बसावे, हे जमत नसेल तर विनोद मरतो. आमच्या तमाशातील सोंगाड्याही असाच. त्यास गाता येत नाही असे त्याने दाखवावयाचे असते, आणि ते दाखविण्यासाठी त्यास उत्तम गाता यावे लागते.

जपानमध्ये २००३ पासून 'गेमसेंटर सीएक्स' नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम चालू आहे. त्यात शिन्या अरिनो हे विनोदी नट जुने अवघड गेम पूर्ण करण्यास बसतात. ते कुशल खेळाडू नाहीत. तासन्‌तास हरतात, घामाघूम होतात, आणि अगदीच अडले की कार्यक्रमाचा एखादा तरुण साहाय्यक मदतीस येतो. कार्यक्रमाचा सारा रस त्या हरण्यात आहे. 'गेटिंग ओव्हर इट' या गेमची गोष्टही अशीच. बेनेट फॉडी यांनी २०१७ साली तो प्रसिद्ध केला. कढईत बसलेला एक उघडा मनुष्य हातोड्याच्या आधाराने डोंगर चढतो आणि एका चुकीने थेट पायथ्याशी येतो. त्या मनुष्याचे नाव डायोजिनीस आहे, हे कळल्यावर आम्हांस ग्रीक तत्त्वज्ञानाचा जुना तास आठवला. पिंपात राहणारा तो तत्त्ववेत्ता आता कढईत बसला आहे! तो पडला की गेमचा कर्ता स्वतः शांत स्वरात अपयशाविषयी चार शब्द बोलतो. हा गेम खेळणाऱ्यांच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या त्या डोंगर कसा चढावा हे शिकण्यासाठी नव्हे. आपल्यासारखाच कोणी पडतो, चिडतो, हसतो आणि पुन्हा हातोडा उचलतो, हे लोकांस पाहावयाचे होते. शिकविणाऱ्याने कापून टाकलेल्या त्या चौदा वेळा येथे जशाच्या तशा सापडतात. या अर्थाने हसविणारा अधिक सत्य बोलतो, असे आमचे मत झाले.

मुलांना तो का हवा असतो, याचे उत्तर आम्हांस एका सातवीतल्या मुलाने दिले. त्याचे वडील औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीस जातात, आई परिचारिका असल्याने तिच्याही पाळ्या बदलत्या. काही रात्री धाकट्या बहिणीस निजवून तो एकटाच जागा असतो. त्याच्या मोबाईलवर तो गेम चालतही नाही, इतका तो जुना आहे. "मग पाहतोस कशाला?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "फादर, तो आपल्यासंगे बसेल आहे असं वाटते." यावर आम्हांस काही बोलता आले नाही. 'विनोदी' हा शब्द आम्ही उगाच वापरीत होतो. त्यास विनोद नको होता, सोबत हवी होती.

हे केवळ एका मुलाचे नाही, याचा पुरावा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. त्या खेळाचे डावपेच सांगणाऱ्या चित्रफिती त्यानंतर निरुपयोगी झाल्या. पण मुंबईचे आदित्य सावंत म्हणजे 'डायनॅमो', किंवा नमन माथुर म्हणजे 'मॉर्टल', यांचे प्रेक्षक त्यांस सोडून गेले नाहीत. हे निवेदक दुसरे खेळ खेळू लागले आणि मुले तेही पाहू लागली. पुढे २०२१ च्या जुलैमध्ये तो खेळ नव्या नावाने परत आला, तोवर मुले खेळाची नव्हे, माणसाची वाट पाहत होती.

संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती वक्त्याची तीन कामे मानली आहेत. शिकविणे, रिझविणे आणि अंतःकरण हलविणे. सिसेरोकडून घेतलेला हा विचार सेमिनरीत आम्ही पाठ केला होता. आमचा घाईचा निवाडा पहिल्यावरच थांबला होता. संत थॉमस अक्वायनस तर आणखी पुढे जातात. मन विसाव्यावाचून थकते, म्हणून प्रमाणशीर क्रीडा व थट्टा यांस ते सद्‌गुणाच्या कक्षेत घेतात, आणि जो स्वतः कधी हसत नाही व इतरांच्या हसण्यात विघ्न आणतो त्याच्या ठायी ते दोष मानतात. आमच्या काही पालकांनी आणि काही धर्मगुरूंनीही हे प्रकरण उघडून पाहावे.

मात्र 'प्रमाणशीर' या शब्दावर त्यांचा भर आहे. सारे हसविणारे एका माळेचे मणी नव्हेत. स्वतःच्या फजितीवर हसविणारा आणि दुसऱ्यास शिवी देऊन हसविणारा यांत अंतर आहे, आणि दुसऱ्या प्रकाराचे पीक मोठे आहे. खेळात हरलेल्या अनोळखी मुलाची भाषा, त्याचे गाव, त्याची आई यांवर जो विनोद होतो, तो ऐकताना आमच्या ओसरीवरील मुले आमच्याकडे चोरून पाहत होती. त्यांस कळत होते. थेट प्रक्षेपणात पैसे पाठविले की निवेदक नाव घेतो, ही आणखी एक युक्ती. नाव ऐकण्यासाठी आईच्या मोबाईलवरून पैसे गेल्याची तक्रार आमच्यापर्यंत आली आहे. सोबतीची भूक ओळखून तिचे दर ठरविणे, यास आम्ही विनोद म्हणणार नाही.

आणि शिकविणारा म्हणून तो निर्दोष, असेही नाही. 'जीटीए फाइव्ह' हा २०१३ साली आलेला खेळ अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. त्यात तीन गुन्हेगारांच्या भूमिकेतून लूट, पाठलाग, खून करावयाचे असतात. आमचे बारा वर्षांचे वेदीसेवक त्यातील दरोड्याचा क्रम तोंडपाठ सांगतात. तो त्यांस अत्यंत नेटक्या, सभ्य भाषेत, पायरीपायरीने शिकविला गेला आहे. उज्ज्वल चौरसिया यांच्या 'टेक्नो गेमर्झ'सारख्या वाहिनीवर हाच खेळ कथारूपाने येतो आणि मुले त्यात कौटुंबिक मालिकेसारखी गुंततात. तेथे गुन्ह्याची धार बोथट होते, हे बरे की वाईट, यावर आमच्या सहकारी धर्मगुरूंशी आमचा मतभेद आहे. आमच्या मते बोथट झालेलीच धार मुलांच्या हाती सहज दिली जाते. माहिती कशाची, हे न विचारता माहितीची बाजू घेणे, ही आमची पहिली चूक होती.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस यांस संत म्हणून घोषित केले. त्यांस व्हिडिओ गेम आवडत. त्यांनी स्वतःस आठवड्याला एक तासाची मर्यादा घातली होती, असे त्यांच्या आईने सांगितले आहे. हे आम्ही मुलांस सांगितले, तेव्हा एकाने विचारले, "फादर, त्या तासात पाहण्याचा वेळ धरेल होता का?" कार्लो २००६ साली वारले. दुसऱ्याचा खेळ पाहत बसण्याची ही रीत तेव्हा आजच्यासारखी पसरलेली नव्हती. आम्ही तसे सांगितले, आणि तो प्रश्न मुलांच्या निवाड्यावर सोडला.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात एका कुटुंबाने आपला संगणक सभागृहात आणून दिला. त्यावर माइनक्राफ्ट होता. आम्ही त्या रात्रपाळीच्या घरातील मुलास प्रथम बसविले. शेकडो तास पाहिलेला खेळ तो आयुष्यात पहिल्यांदा खेळत होता. बोटे कळांवर अडखळत होती. लाकूड तोडण्यासच त्यास बराच वेळ लागला. नंतर त्याने फावडे केले आणि सरळ पायाखाली खणावयास सुरुवात केली. "अरे भो, खाली नको, खाली नको!" शिकविणाऱ्याच्या पक्षातील सारे ओरडले. तो खणत राहिला आणि लाव्हारसात पडला. क्षणभर शांतता. मग त्याने आपल्या लाडक्या निवेदकाचा आवाज काढून त्या मृत पात्राची अशी काही चौकशी केली, की सभागृह हसून हसून लोटपोट झाले, आणि पुढचा अर्धा तास सारी मुले त्याच्या खुर्चीभोवती दाटीवाटीने उभी होती.