खुला बाजार आणि आखलेला मतदारसंघ

शरद जोशींच्या ‘खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने’मधला बाजाराचा युक्तिवाद मला आजही पटतो. आमच्या हळदीच्या मुलखात त्याचा अर्थ सरळ आहे: वसमतला भाव पडला तर माल सांगलीला नेता यावा. मत असे नेता येत नाही. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवणाऱ्या जोशींनी 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाविरुद्ध एकट्याने मत दिले. 186 विरुद्ध 1. आक्षेप फिरत्या राखीव मतदारसंघांवर होता, आणि तो रास्तच. पण स्थिर सीमा तरी कोण आखतो? हिंगोली लोकसभेत आमच्या तीन विधानसभांना नांदेडचे किनवट, हदगाव आणि यवतमाळचे उमरखेड जोडले आहे. शेतमालावरच्या निर्बंधांवर तुटून पडणारे जोशी या रेषेपाशी थांबले, असे माझे वाचन आहे.