रिकामी झालेली विरोधी बाके

संविधान हेही वाङ्मयच होय. त्याची पारख करताना त्यातील शब्द आणि त्या शब्दांना जागणारे आचरण, या दोहोंकडे पाहावे लागते. पूर्व तिमोरचे संविधान २० मे २००२ रोजी, राष्ट्र स्वतंत्र झाले त्याच दिवशी अमलात आले. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या या चिमुकल्या देशाने संविधानाच्या प्रास्ताविकेत, जनतेच्या यातना आपल्या मानणाऱ्या चर्चचे ऋण नोंदविले आहे. ते वाचून आम्हास धन्यता वाटते. तथापि, आमच्या मते या संहितेचे खरे मोठेपण ७०व्या कलमात आहे. राजकीय पक्षांना लोकशाही मार्गाने विरोध करण्याचा हक्क आहे आणि महत्त्वाच्या सार्वजनिक प्रश्नांची माहिती त्यांना नियमितपणे मिळाली पाहिजे, असे हे कलम सांगते. विरोधकाला केवळ सहन करावे, असे ते म्हणत नाही. ते त्याला राज्यव्यवस्थेत मानाचे स्थान देते.

शब्द उत्तम, आचरणाचे काय? २००६ साली सुमारे ६०० सैनिकांच्या बडतर्फीनंतर हिंसाचार उसळला आणि सुमारे दीड लाख लोक विस्थापित झाले. ती जखम ताजी असतानाच देशाने स्थैर्याचा ध्यास घेतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये झनाना गुस्मांव यांनी पंतप्रधानपद सोडले आणि ते प्रतिस्पर्धी फ्रेतिलिन पक्षाच्या रुई मारिया द आराउजो यांच्याकडे गेले. ६५ सदस्यांच्या संसदेत विरोधी आवाज जवळजवळ उरला नाही. राष्ट्राध्यक्ष ताउर मातान रुआक यांनी २०१६चा अर्थसंकल्प परत पाठविला, तेव्हा संसदेने तो पुन्हा संमत केला. जे काम विरोधी बाकांनी करावयाचे, ते राष्ट्राध्यक्षांना करावे लागले!

ज्यांनी आगीची धग सोसली, त्यांना शांतीचे मोल आम्ही शिकवावे, हे शोभणारे नाही. परंतु शांती वेगळी आणि निःशब्दता वेगळी. २०१७ साली मारी अल्कातिरी यांचे अल्पमतातील सरकार आले. संसदेने त्याचा कार्यक्रम फेटाळला. मे २०१८ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि सत्ता विरोधकांकडे गेली. ओढाताण पुष्कळ झाली. पण २००६ची पुनरावृत्ती झाली नाही. विरोध म्हणजे विध्वंस नव्हे, हे त्या तरुण लोकशाहीने सिद्ध केले.

एक गोष्ट मात्र आपणही विसरू नये. शाळांतील धर्मशिक्षण ऐच्छिक करण्याच्या प्रश्नावर २००५ साली तेथील चर्चच्या पाठिंब्याने लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. तेव्हा विरोधाचा हक्क आपल्याला पवित्र वाटला असेल, तर तो आपल्याला न रुचणाऱ्या विरोधकासाठीही तितकाच पवित्र मानला पाहिजे. ७०व्या कलमाचे खरे भाष्य तेच होय.