मॅग्दा नाखमनचा निळा रंग

चित्रकाराचं आयुष्य खडतर असलं की आपण त्याच्या चित्रांतही दुःखच शोधायला लागतो. मॅग्दा नाखमनच्या बाबतीत हा मोह जास्तच होतो. १८८९मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्म, मग रशियन क्रांती. १९२२मध्ये नवरा एम. पी. टी. आचार्य या भारतीय क्रांतिकारकासोबत बर्लिन. हिटलर आल्यावर तेही सोडून मुंबई. १२ फेब्रुवारी १९५१ला, स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काही तास उरले असताना, ती मुंबईतच गेली.

आता तिने १९१३मध्ये काढलेलं रशियन कवयित्री मारिना त्स्वेतायेवाचं तैलचित्र मोबाईलवर उघडा. चेहऱ्यावर हसू नाही, रडूही नाही. पोशाख निळा, मागे नारिंगीकडे झुकणारा विटकरी रंग. हे विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही पेटतात. झ्वांत्सेवा कलाशाळेत लेऑन बाक्स्ट हेच शिकवायचा. मार्क शागालही तिथलाच विद्यार्थी. मॅग्दा चेहरा शांत ठेवते आणि सगळी अस्वस्थता भोवतीच्या रंगांवर सोपवते. हीच तिची ताकद.

आणि हे चित्र काढलं तेव्हा क्रांती, बर्लिन, मुंबई यांतलं काहीच घडलं नव्हतं. म्हणजे ही अस्वस्थता निर्वासितपणातून आलेली नाही. ते कसब तिच्याकडे आधीच होतं, ते घेऊन ती देशोदेशी गेली.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण मी महाडची. आमच्याकडे, पोलादपुराकडे, घरटी एक माणूस मुंबईला. त्या चाकरमान्यांबद्दल आम्ही दोनच गोष्टी बोलतो: किती कमावलं आणि किती हाल काढले. जाताना तो हातात काय कसब घेऊन गेला, हे कुणी विचारत नाही.

अर्थात कसब टिकलं तरी चित्रं टिकतातच असं नाही. बर्लिनमध्ये १९३३ला तिने लेखक नाबोकोवचं पेस्टल केलं होतं, ते हरवलं. २०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोचा नुसता डाग उरला. आजोबा गिरणीत होते, एवढंच आता सांगता येतं. चेहरा गेला की माणसाची फक्त हकिगत उरते.

म्हणून मॅग्दाची हकिगत जरूर वाचा, पण आधी तो निळा रंग बघा.